एकशे एकतीस बाळंतपणं

१८ डिसेंबर

प्रिय वहिनी,

पत्राला दोन महिने उशीर झाला आहे. तू दादाला म्हणाली असशील की तुझ्या बहिणीला आता आपली आठवण राहिली नाही. तसं काही नाही गं. विद्यापीठाची वार्षिक परिषद महिन्यावर आली आहे आणि यंदा तिचं सगळं लचांड माझ्या गळ्यात आहे. माझ्या खोलीत मलाच बसायला जागा नाही. खुर्चीवर पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या, टेबलावर कापडी पिशव्या, खिडकीत पाण्याच्या बाटल्यांची खोकी. कोणी कोणाच्या शेजारी बसायचं याची एक यादी आहे, आणि कोणी कोणाच्या शेजारी अजिबात बसायचं नाही याची त्याहून लांब यादी आहे.

शेवटच्या दिवशी, २२ जानेवारीला, माझं स्वतःचं चर्चासत्र आहे. विषय ऐकून तू हसशील. लहान गावांतले प्रसूतिकक्ष चालू ठेवावेत की मोठ्या रुग्णालयांत मिसळून टाकावेत. मंचावर आम्ही चौघं, आरोग्य खात्याचे सचिव धरून. प्रत्येकाला सात मिनिटं. समोरच्या रांगेत आमच्या विभागातल्या कारकूनबाई पाट्या घेऊन बसतात: 'दोन मिनिटं', 'एक मिनिट', 'थांबा'. तिसऱ्या पाटीनंतर त्या माइक बंद करतात, मग बोलणारा सचिव असो की कुलगुरू.

चाळीस कक्षांची माहिती मागवली होती. एकोणचाळिसांची आली. राहिला तो नेमका तुमचा. तुमच्या डॉक्टरांना चार पत्रं गेली, एकाचंही उत्तर नाही. म्हणून आता घरचा वशिला लावते. गेल्या वर्षभरात तुमच्याकडे किती बाळंतपणं झाली, एवढा एकच आकडा कळव. बाकीचं माझ्याकडे आहे.

चिमीला माझे खूप पापे. शाळेत शिकवायला लागली, लग्न झालं, म्हणून ती मोठी झाली असं मी मानत नाही.

तुझी,
धाकटी

*

२७ डिसेंबर

प्रिय धाकटे,

एकशे एकतीस. मोठी नोंदवही समोर घेऊन दोनदा मोजलं.

डॉक्टरांवर रागावू नकोस. ते आठवड्यातून तीन दिवस येतात. उरलेले दिवस कक्ष म्हणजे मी, एक मदतनीस बाई आणि लहर आली तर पाणी तापवणारा आमचा बॉयलर. सहा खाटा आहेत, त्यातल्या पाचवीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी जुनी टेलिफोन डिरेक्टरी सारून ठेवली आहे. तुझ्या परिषदेचं एखादं जाडजूड पुस्तक निघालं तर पाठव, डिरेक्टरी आता दबली आहे.

मंचावर चौघं बसणार म्हणतेस. त्यातल्या कोणी बाळंतपण डोळ्यांनी पाहिलंय तरी का? मला बोलव. सात मिनिटांत मी नाळ कापून, बाळ पुसून, वार पडायची वाट बघत बसलेली असते.

दादा म्हणतो, पत्रं कसली लिहिता, फोन करा. पण फोनवर तू कायम कुठल्या तरी जिन्यात असतेस आणि वाक्य अर्धं टाकतेस. तू होस्टेलला गेलीस तेव्हापासून आपण लिहितोय, तेच बरं आहे.

तुझी,
वहिनी

*

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहायला बसले, कारण एक बातमी आहे. पण ती शेवटी सांगणार. मधलं गाळून खाली उडी मारलीस तर मला कळेल.

काल दुपारी एका बाईला आणलं. मूल पायाळू, डॉक्टरांचा दिवस नाही. तिला सलाईन लावलं, दोन शब्द रागावले, चार प्रेमाने बोलले, कक्षाच्या रुग्णवाहिकेत घातलं आणि मीही चढले. पुलाच्या अलीकडेच पोरगी आली, पाय आधी आणि आवाज नंतर. असला आवाज की ड्रायव्हरने गाडी थांबवली. पुढे मोठ्या रुग्णालयात मायलेकींना हवाली केलं आणि नोंद त्यांच्याच वहीत करा म्हटलं. आमची पद्धतच तशी आहे. आमच्याकडून पुढे पाठवलेली बाई वाटेत बाळंत होवो नाहीतर तिथे पोचून, तिची नोंद तिथे. माझ्या आधीच्या सिस्टरनी घालून दिलेली पद्धत, उगाच आपला आकडा फुगवू नये म्हणून. गेल्या वर्षी अशी सेहेचाळीस झाली. ती मोठ्या वहीत कुठेच नाहीत. मी आपली खिशातल्या डायरीत लिहून ठेवते, स्वतःच्या समाधानासाठी. असो.

पान उलट.

चिमीला दिवस गेलेत. दोन महिने झाले. ऑगस्टच्या मध्यावर होईल. जावई जहाजावर आहे, त्याला कळवलं तर त्याने तिथल्या सगळ्यांना चहा पाजला म्हणे. चिमीने आत्ताच जाहीर केलंय, बाळंतपण आईच्या हातून, आपल्याच कक्षात, खिडकीजवळच्या खाटेवर. पाचवी खाट नको, एवढीच अट.

मी आजी होणार.

तुझी,
वहिनी

*

१४ जानेवारी

प्रिय वहिनी,

चिमी! आपली चिमी! मी पत्र वाचून कॉरिडॉरमध्येच ओरडले. शेजारच्या खोलीतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक धावत आले, त्यांना वाटलं कोणी पाहुणा रद्द झाला. ही मुलगी सुट्टीत माझ्याकडे यायची आणि माझ्या प्रबंधाच्या पानांच्या होड्या करायची. तिला म्हणावं, तुझ्या पोरासाठी मी आत्तापासून कागद जमवते.

तिला जड उचलू देऊ नकोस. शाळेत उभं राहून शिकवते का? खुर्ची घ्यायला सांग.

इथे नुसती पळापळ आहे. निबंध छापायला गेला. आता काही बदलायचं म्हटलं तरी बदलता येणार नाही, तेवढीच सुटका.

चिमीला पापे, आणि आता एक जास्तीचा.

तुझी,
धाकटी

*

२५ जानेवारी

प्रिय वहिनी,

झाली एकदाची परिषद. पहिल्याच दिवशी लिफ्ट बंद पडली आणि उद्घाटक चौथ्या मजल्यापर्यंत चालत आले, मग दहा मिनिटं त्यांचं भाषण म्हणजे नुसता श्वास. प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ उठले, 'माझा प्रश्न असा' म्हणाले आणि प्रश्न सोडून सगळं बोलले.

माझं सत्र मात्र रंगलं. 'थांबा'ची पाटी यायच्या आत मी संपवलं. वर्षाला दीडशेहून कमी बाळंतपणं होत असतील तर तिथल्या हातांचा सराव राहत नाही, तिथलं सामान आणि माणसं मोठ्या ठिकाणी न्यावीत, असा माझ्या निबंधाचा गाभा आहे. चहाच्या वेळी सचिवांनी माझी प्रत मागून घेतली आणि उभ्या उभ्या पेनाने खुणा केल्या. वहिनी, वीस वर्षं मी निबंध लिहिते आहे. ते छापतात, बांधतात आणि कपाटात ठेवतात. कोणीतरी माझं लिहिलेलं वापरणार आहे, असं पहिल्यांदाच घडतंय. मला इतका आनंद झाला की तुलाच सांगावासा वाटला.

तुमच्या कक्षाचा उल्लेख आला होता, चांगल्या अर्थाने. काळजी करू नकोस, असल्या गोष्टी अमलात यायला वर्षं जातात. चिमीला पापे.

तुझी,
धाकटी

*

३० एप्रिल

धाकटे,

वर्षं नाही गेली. तीन महिने गेले.

आज आदेश आला. पंधरा जूनला आमचा कक्ष बंद. सामान आणि रुग्णवाहिका मोठ्या रुग्णालयात, मी बाह्यरुग्ण विभागात गोळ्या वाटायला. आदेशाला तुझा निबंध जोडला आहे, मागे परिषदेचा वृत्तांत. डॉक्टरांनी मला वाचायला दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. त्यात तुझं वाक्य आहे: 'माझ्या स्वतःच्या गावचा कक्षही या निकषात बसत नाही, आणि तरीही मी हे म्हणते आहे.' पुढे कंसात छापलंय, टाळ्या. किती वेळ पडल्या गं?

मी भांडायला लिहीत नाहीये. भांडणारच आहे, पण नंतर. आधी कामाचं. तो दीडशेचा आकडा मला ठाऊक असता तर मी ती पुढे पाठवलेली सेहेचाळीसही धरली असती. तुला सगळीच बाळंतपणं हवी होती का? मला काय ठाऊक, तू एक आकडा मागितलास, मी मोठ्या वहीतला दिला. डायरी माझ्याकडे आहे, नाव, तारीख, वेळ, सगळं. कोणाला लिहू? सचिवांना तू ओळखतेस. तू शब्द टाकलास तर ऐकतील.

चिमीला सहावा महिना आहे. मी तिला अजून काही बोललेले नाही.

वहिनी

*

८ मे

प्रिय वहिनी,

तुझा राग रास्त आहे. ते वाक्य मी तुला आधी सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.

पण आकड्यांचं आता काही होईल असं मला वाटत नाही. आदेश निघाला की खातं मागे वळून बघत नाही. पुढच्या वर्षी फेरतपासणी आहे, तेव्हा तुझी डायरी नक्की पुढे ठेवू. तोवर सांभाळून ठेव.

चिमीला माझ्याकडे पाठव. इथलं रुग्णालय माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. पुढची खोली मी रिकामी करते, पुस्तकं बाहेर काढते. खिडकीजवळ खाट लावते. दादालाही घेऊन ये. चिमीला पापे.

तुझी,
धाकटी

*

२० जून

धाकटे,

सोमवारी टेम्पो आला. खाटा, बाळाला ऊब द्यायचा वॉर्मर, ऑक्सिजनची नळकांडी, बाळाच्या नाकातोंडातलं ओढून काढायचं मशीन, सगळं गेलं. एकेका वस्तूपुढे मी सही केली. मदतनीस बाई पुसून पुसून देत होती, जणू सासरी पाठवतेय. पाचवी खाट त्यांनी नेली नाही, मोडकी म्हणून. कक्षाला कुलूप लागलं.

चिमी एक ऑगस्टला तुझ्याकडे येईल. यायला तयार नव्हती, मी तयार केली. खोली रिकामी ठेव.

वहिनी

*

११ ऑगस्ट

धाकटे,

तू आलीस, दोन दिवस राहिलीस, भांडी घासलीस, दादाच्या शेजारी बसून राहिलीस आणि गेलीस. मी तुला काहीच सांगितलं नाही. आता लिहून बघते.

त्या शुक्रवारी, २४ जुलैला, सकाळी दहाला चिमीचं पाणी गेलं. तीन आठवडे आधी. पाणी हिरवट होतं. म्हणजे बाळाने पोटातच शी केली होती, ते घाबरलं होतं. पोटाला नळी लावून ऐकलं. ठोके मंद पडत होते, सावरत होते, पुन्हा मंद पडत होते. बाळंतपण मी घरीही केलं असतं, पण असं बाळ बाहेर आल्या आल्या त्याला मशीन लागतं, ऑक्सिजन लागतो. रुग्णवाहिकेला फोन केला. ती आता मोठ्या रुग्णालयातून निघते. पाऊण तास तरी लागेल म्हणाले. म्हणून दादाने गाडी काढली, वाटेत तिला गाठू म्हणून.

पुलाचं काम चाललंय, एकच बाजू सुरू आहे. दिवा लाल होता आणि समोरून ट्रकांची रांग येत होती. दादा खाली उतरून एकेकाला विनवत होता. चिमी मागच्या सीटवर, तिचं एक पाऊल काचेला टेकलेलं. तिथेच बाळंत झाली. मुलगा. नाक तुझ्या दादाचं.

रडला नाही. मी बोटाने तोंड साफ केलं, तोंडाने ओढलं, तोंडाने श्वास दिला. नाळेला बोट लावलं तर ठोके लागत होते गं. बराच वेळ लागत होते. चिमी विचारत होती, आई, हा रडत का नाही? मी म्हटलं, रडेल, थांब जरा. वीस मिनिटांनी रुग्णवाहिका आली. त्यांच्याकडे सगळं होतं. मशीन आमचंच होतं, मुठीला मी गुंडाळलेली चिकटपट्टी तशीच होती. त्यांनी दहा मिनिटं केलं आणि मग माझ्याकडे बघितलं. तसं बघणं म्हणजे काय ते मला कळतं, मी इतकी वर्षं दुसऱ्यांकडे बघत आले आहे.

चौथ्या दिवशी, तू गेलीस त्याच दुपारी, चिमीला दूध आलं. येतंच. बाळ गेलेल्या बायकांना मी छाती घट्ट बांधून देते, गार पट्ट्या ठेवते. तिलाही बांधून दिलं. म्हणाली, किती दिवस येईल? मी म्हटलं, दहा-बारा. म्हणाली, बांधू नकोस, येऊ दे.

धाकटे, दोष माझा आहे. तू एक आकडा मागितलास आणि मी सेहेचाळीस बायका गाळून तुला दिला. मला वाटलं मी प्रामाणिकपणा करतेय. ते तुला परिषदेच्या आधी सांगायला मला कोणी अडवलं होतं? एप्रिलमध्ये सांगितलं, तेव्हा वेळ गेली होती. माझ्याच हाताने कक्ष बंद झाला आणि माझ्याच हातात नातू गेला. दादा म्हणतो असं बोलू नकोस. पण म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही.

तुझं मन मी मोडलं असेल तर तेही लिही. तू तुझं काम केलंस, माझंच चुकलं.

वहिनी

*

२ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र मी सहा वेळा लिहून फाडलं. हे सातवं आहे आणि हे मी न वाचता पाकिटात घालणार आहे.

तू मला परिषदेच्या आधी सांगितलं होतंस. तुझं ९ जानेवारीचं पत्र माझ्यासमोर आहे. पायाळू मुलगी, पुलाच्या अलीकडे, आणि खाली स्पष्ट लिहिलंय, अशी सेहेचाळीस झाली, मोठ्या वहीत नाहीत. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला चिमीची बातमी. तुला आठवत नाही, कारण तू ते सहज लिहून गेलीस आणि आनंदात होतीस. माझ्या लक्षात आहे.

मी ते वाचलं तेव्हाच मला कळलं. एकशे एकतीस आणि सेहेचाळीस, एकशे सत्त्याहत्तर. तुमचा कक्ष दीडशेच्या वर. आणि तुमच्याकडे अशी पद्धत असेल तर बाकीच्या एकोणचाळीस ठिकाणीही असणार. म्हणजे सगळीकडून पुन्हा आकडे मागवायचे, म्हणजे यंदा निबंध नाही, सत्र नाही, सचिवांसमोर मी नाही. निबंध छापायला गेला असं मी तुला चौदा तारखेला लिहिलं, ते खोटं होतं. तो सतरा तारखेला गेला. तीन दिवस तो माझ्या टेबलावर होता.

पंधरा तारखेला मी एक तळटीप लिहिली, की काही कक्ष पुढे पाठवलेल्या बायका मोजत नाहीत, तेव्हा हे आकडे अपुरे असू शकतात. दोन ओळी. मग वाटलं, यावरून कोणीतरी प्रश्न विचारेल आणि माझी सात मिनिटं त्यातच जातील. सोळा तारखेला मी ती काढली. आणि भाषणात ते वाक्य घातलं, माझ्या स्वतःच्या गावचा कक्षही. त्याला टाळ्या पडतील हे मला माहीत होतं. पडल्या. मला फार छान वाटलं, वहिनी. तेही तुझ्यापासून लपवत नाही.

एप्रिलमध्ये तू तोच आकडा पुन्हा पाठवलास, वर डायरी देते म्हणालीस. मी तुला लिहिलं की खातं ऐकणार नाही. मी खात्याला विचारलंच नव्हतं. सचिवांचा फोन नंबर माझ्याकडे होता. एका फोनने तुमचा कक्ष निदान काही महिने राहिला असता. पण मग मला सांगावं लागलं असतं की हे मला जानेवारीपासून माहीत आहे.

तुमच्याकडे दोन दिवस होते तेव्हा प्रत्येक भांडं घासताना मी ठरवत होते की आता सांगते. चिमीने मला विचारलं, आत्या, तू जेवलीस का? मी हो म्हटलं आणि बसने परत आले.

मी निबंध मागे घेतला आहे. खात्याला सगळं लेखी कळवलं आहे, तुझ्या त्या पत्रातला उतारा जोडून. ते डायरी बघायला येतील, त्यांना दाखव, पण हातातून सोडू नकोस. येत्या परिषदेत मी उभी राहून हे सांगणार आहे. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल, त्याबद्दल तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा तो स्वभाव आहे म्हणून सांगते.

दोष तुझा नव्हता. तू प्रामाणिकपणाच करत होतीस आणि तू सगळं वेळेवर सांगितलंस. हे दादालाही सांग. चिमीला सांगायचं की नाही हे तू ठरव. मी काही ठरवण्याच्या लायकीची राहिलेली नाही.

धाकटी

*

५ ऑक्टोबर

आत्या,

आईने तुझं पत्र काल मला दिलं. महिनाभर स्वतःजवळ ठेवलं होतं. दिलं आणि बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागली, मग तेच कपडे परत वाळत घातले. ती तुला लिहील असं मला वाटत नाही. बाबांना तिने एवढंच सांगितलं की माझ्या आकड्यात चूक नव्हती. त्यांनी विचारलं, मग कोणाची होती? ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. पण तेव्हापासून ते दोघं निदान एका टेबलाशी जेवतात.

खात्याची दोन माणसं येऊन गेली. डायरी बघितली, फोटो काढले. आईने ती एका हाताने धरून ठेवली होती. पुढे काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी विचारलं नाही.

मी शाळेत जाते. माझ्या वर्गात मुलं एकदम शहाण्यासारखी बसतात. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. मला ते आवडत नाही, पूर्वीसारखा गोंधळ केलेला चालेल. जहाजावरून फोन येतो तेव्हा आम्ही दोघंही हवेबद्दल बोलतो.

तुझा राग करावा म्हणून मी तुझी आईला आलेली सगळी पत्रं काढून बसले. माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहेत. माझ्या जन्मानंतर, हे शेवटचं सोडलं तर, एकही पत्र असं नाही की ज्यात माझे पापे नाहीत. मग मी ती परत ठेवली. माफी मागू नकोस. माझ्याकडे सध्या द्यायला काही नाही. आईसारखी मी चांगली नाही.

मला एकच विचारायचंय. आईच्या पत्राच्या एका बाजूला सेहेचाळीस होते आणि दुसऱ्या बाजूला मी, असं तूच लिहिलंस. सोळा तारखेला तू त्या दोन ओळी काढल्यास तेव्हा तुला मी आठवले का? म्हणजे माझं बाळंतपण तिथेच होणार होतं, हे मनात आलं का?

हो म्हणालीस तर मी काय करीन मला माहीत नाही. नाही म्हणालीस तरी माहीत नाही. पण खरं सांग, आणि लांबण लावू नकोस.

चिमी

*

१० ऑक्टोबर

चिमे,

नाही.

त्या दोन ओळी मी दुपारी काढल्या. त्याच दिवशी संध्याकाळी बाजारात जाऊन तुझ्या बाळासाठी दुपटं घेतलं, पिवळं, कारण मुलगा की मुलगी ते माहीत नव्हतं. दुकानात अर्धा तास निवडत होते. तेव्हाही नाही आठवलं.

आत्या